चतुराचा काय उपयोग?



गेल्या महिन्यात युवा गटातील अकरा मुलामुलींना घेऊन मी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी गेलो होतो. ट्रेकला नाही आणि सहलीलाही नाही. आम्ही चतुर बघायला गेलो होतो. चतुर म्हणजे आपली लहान मुले ज्याला 'हेलिकॉप्टर' म्हणतात, तो लांब शेपटीचा, चार पंखांचा किडा. सकाळची मिस्सा आटोपून साडेआठला निघालो. चतुराला ऊन लागते. अंग तापल्याशिवाय तो फारसा उडत नाही, म्हणून भल्या पहाटे जाण्यात अर्थ नव्हता. हायवे ओलांडला की इमारती आणि गाळे मागे पडतात आणि अभयारण्याचा डोंगर एकदम समोर उभा राहतो. २००३ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे आहे आणि आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या ओढ्याकाठी साचलेल्या पाण्याजवळ आम्ही दोन तास नुसते बसलो.

परत आल्यावर चर्चच्या आवारात कौन्सिलचे एक सभासद भेटले. चांगले गृहस्थ आहेत, सेवेत नेहमी पुढे असतात. हसत हसत म्हणाले, "फादर, रागावू नका, पण चतुर बघून मिळतं काय?"

मीही हसलो आणि म्हणालो, "थोडी शांतता मिळते, काका." तेही हसले आणि विषय तिथेच संपला. पण रात्री जेवताना मला वाटले, आपण त्यांना खरे उत्तर दिले नाही. 'शांतता मिळते' म्हणजे पुन्हा काहीतरी मिळतेच. जणू मिळण्यासारखे काही नसते, तर बघण्यातही अर्थ नसता.

हा प्रश्न केवळ माझ्या छंदाचा असता, तर बुलेटिनची पाने मी त्यात घालवली नसती. पण येत्या रविवारी पॅरिश कौन्सिलच्या सभेत चर्चमागच्या बावखलाचा विषय येणार आहे. ते भरून, वर पेव्हर ब्लॉक बसवून सुमारे चाळीस गाड्यांची सोय करावी असा प्रस्ताव आहे. मी हे उपदेशात बोललो नाही, आणि ते मुद्दामच. उपदेशाला कोणी मध्येच उठून उत्तर देत नाही. लेखाला देता येते. तेव्हा वाचा, पटले नाही तर पॅरिश ऑफिसात येऊन मला सांगा.

नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. बावखल म्हणजे आपल्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे उथळ, रुंद तळे. विहिरीसारखे ते बांधून काढलेले नसते. पावसाचे पाणी त्यात साठते आणि हळूहळू जमिनीत मुरते. पूर्वी त्यावर रहाट असे, पुढे पंप आले. केळी, पानवेल, फुले आणि भाजी या साऱ्यांनी वसईला नाव दिले आणि आपल्या वाडवडिलांना पोसले, ते या पाण्यावर. वाड्या विकल्या गेल्या, तशी बावखलेही भरली गेली. आपल्या चर्चमागचे अजून शिल्लक आहे.

आता मला आधी एक कबुली द्यायची आहे. खरे तर दोन.

पहिली लहानपणची. आम्ही भावंडे बावखलाच्या काठी चतुर पकडत असू. मागून हळूच जायचे, शेपटी चिमटीत धरायची आणि तिला दोरा बांधायचा. मग दोऱ्याचे टोक हातात धरून त्याला उडवायचे. ज्याचा चतुर जास्त वेळ उडेल, तो जिंकला. आपल्यातील पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी मनात हात वर केला तरी चालेल. एके दिवशी माझा चतुर लिंबाच्या फांदीत अडकला. मी दोरा ओढला. दोरा माझ्या हातात आला आणि त्याच्यासोबत शेपटीही आली. आजी भाजी निवडत बसली होती. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारले, "आता कोण जिंकलं?" मला उत्तर आले नाही.

दुसरी कबुली मोठेपणची आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना असाच प्रस्ताव आला होता. तिथेही चर्चजवळ बावखल होते. त्यात कचरा साचत होता, डासांची तक्रार होती, सणाच्या दिवशी रस्त्यावर गाड्यांची रांग लागत होती. कागद माझ्यापुढे आला. मी सही केली. आठ दिवसांत डंपर आले आणि काम झाले. लोक खूश झाले, मीही झालो. त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते.

पुढच्या ऑक्टोबरात एका दुपारी मी त्या पार्किंगमध्ये उभा होतो. नुकतीच धुतलेली एक काळी गाडी उन्हात चमकत होती. तिच्या बॉनेटवर एक पिवळसर चतुर पुन्हा पुन्हा खाली येऊन शेपटीचे टोक टेकवत होता. टेकवायचा, उडायचा, वळायचा आणि पुन्हा टेकवायचा. मला गंमत वाटली. शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही मी ती दाखवली. ती गंमत नव्हती, हे मला बऱ्याच दिवसांनी वाचनात कळले. चतुराची मादी अशी शेपूट टेकवून पाण्यात अंडी सोडते. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट प्रकारचा असतो आणि त्यावरून ती पाणी ओळखते. गाडीचा गुळगुळीत, चकचकीत पत्रा तसाच प्रकाश परत फेकतो. जगभर अनेक अभ्यासकांनी हे पाहिले आहे. ती फसते. तापल्या पत्र्यावर अंडी टाकते आणि ती अंडी तिथेच वाळून जातात.

जिथे पूर्वी पाणी होते, तिथेच ती पाणी समजून अंडी टाकत होती. मी जवळ उभा राहून हसत होतो.

त्या दिवसापासून मी चतुर बघायला लागलो. म्हणजे काय बघायला लागलो, तेही थोडे सांगतो.

जगात चतुर आणि त्यांच्या नाजूक बहिणी टाचण्या मिळून सहा हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात सुमारे पाचशे आणि आपल्या राज्यात शंभराहून अधिक. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर. बहुतेक टाचण्या पंख पाठीवर मिटून बसतात. एवढे कळले तरी पहिला धडा झाला. चतुराच्या डोळ्यात हजारो छोटी भिंगे असतात, काही जातींत तर तीस हजारांच्या घरात. चारही पंख तो स्वतंत्रपणे हलवू शकतो, म्हणून जागच्या जागी थांबतो, क्षणात वळतो, मागेही सरकतो. शिकारीत तो इतका पटाईत आहे की काही प्रयोगांत शंभरातल्या नव्वदहून अधिक झडपा यशस्वी झालेल्या दिसल्या. वाघाला असे यश माहीत नाही.

पण आपण ज्याला चतुर म्हणतो, तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, छोटा भाग आहे. त्याआधी तो पाण्यात असतो. काही जाती काही आठवडे, काही जाती काही वर्षे पाण्याच्या तळाशी मातकट, बेढब रूपात जगतात. तिथे तो डासांच्या अळ्या खातो. कधी बेडकाची पिल्ले आणि बारीक मासेही खातो. मग एका रात्री किंवा पहाटे तो गवताच्या काडीवर चढतो, पाठीवरची कात उकलते आणि आतून ओला, मऊ, पंखवाला जीव बाहेर येतो. रिकामी कात काडीला तशीच चिकटून राहते. आपल्या बावखलाच्या काठी पाऊस ओसरल्यावर अशा काती मिळतात. मुलांनी सतरा मोजल्या. त्यानंतर हवेतले आयुष्य काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे असते.

आपल्या चर्चच्या काळ्या दगडी भिंतीवरही एक चतुर बसतो. राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा, अगदी दगडाच्याच रंगाचा. इंग्रजीत त्याला ग्रॅनाइट घोस्ट, म्हणजे दगडातले भूत म्हणतात. त्या भिंतीजवळून आपण पिढ्यान्पिढ्या लग्नाच्या वराती आणि अंत्ययात्रा नेल्या. तो आपल्या हाताच्या अंतरावर होता. एकाही माणसाने मला कधी सांगितले नाही की तिथे कोणी बसलेले असते.

आणि तो पिवळसर, बॉनेटवर फसलेला चतुर? त्याला वाँडरिंग ग्लायडर म्हणतात. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात तो सहा-सात आठवड्यांत मोठा होतो. पावसाळा संपता संपता त्याचे थवेच्या थवे समुद्राकडे निघतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले की, हे चतुर भारतातून मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत वाऱ्यावर स्वार होऊन जातात, आणि त्यांची पुढची पिढी पावसाचा माग काढत परत येते. साडेचार सेंटिमीटरचा जीव अरबी समुद्र ओलांडतो. आपले दर्यावर्दी पूर्वज गलबतांतून मोसमी वाऱ्याची वाट पाहत, तोच वारा.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "फादर, माहिती छान आहे, पण प्रश्न तसाच राहिला. उपयोग काय?"

उपयोग आहे. तोही लपवत नाही. चतुर पाण्यात डासांच्या अळ्या खातो आणि हवेत डास खातो. बावखलात पावसाचे पाणी मुरते, आसपासच्या विहिरींचे पाणी गोड राहायला मदत होते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कसे पाण्याखाली गेले होते, लोकल कशा बंद पडल्या होत्या, हे आपण विसरलेलो नाही. पाण्याच्या जागा बुजवल्या की पाणी घरात येते. सभेत हे मुद्दे मांडले जातील आणि ते खरे आहेत.

पण मी स्वतः या मुद्द्यांवर फार विसंबणार नाही, आणि त्याचे कारण आहे. उद्या कोणी म्हणाले, "डासांसाठी फवारणी करू, पाणी मुरवायला बोअरवेलजवळ शोषखड्डा करू, त्याहून चांगले काम होईल," तर? मग चतुराची बाजू तिथेच कोसळते. ज्याची बाजू केवळ उपयोगावर उभी असते, त्याला कधीही बदली मिळू शकते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आपण उपयोगाच्याच नजरेने पाहिले असते, तर काय झाले असते, याचा क्षणभर विचार करा. ज्याचा उपयोग संपला, त्याचे काय करायचे? हा प्रश्न चतुरापाशी थांबत नाही. नजर एकदा तशी झाली की ती सगळीकडे तशीच होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला कांट शिकवला. अठराव्या शतकातला हा जर्मन विचारवंत म्हणतो की, माणसाची खरी कर्तव्ये माणसांप्रति असतात. प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण जो प्राण्यांशी क्रूर वागतो, त्याचे मन कठोर होते आणि पुढे तो माणसांशीही तसाच वागतो. दोरा बांधलेल्या चतुराला हे उत्तर लागू पडते. आजीला कदाचित तीच काळजी होती: हा मुलगा कसा निपजेल?

पण माझ्या दुसऱ्या कबुलीला हे उत्तर लागू पडत नाही. कागदावर सही करताना मी क्रूर झालो नव्हतो. डंपरवाला क्रूर नव्हता. कोणाचेही मन कठोर झाले नाही, कारण कोणाच्या मनात चतुर आलाच नव्हता. कांटच्या हिशेबाने तिथे काहीच चुकले नाही. तरीही त्या काळ्या बॉनेटसमोर काहीतरी चुकले होते, याविषयी मला शंका नाही. म्हणजे चूक फक्त माझ्या मनात नव्हती. ती बाहेर, त्या पाण्याच्या बाबतीत, त्या जिवांच्या बाबतीत झाली होती. तसे असेल, तर त्या जिवांना स्वतःचे काही मोल असले पाहिजे, मी त्यांच्याकडे पाहिले काय किंवा न पाहिले काय.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक साधा प्रश्न विचारला: देवाने इतक्या वेगवेगळ्या वस्तू का निर्माण केल्या? एकच उत्तम वस्तू केली असती तर? त्यांचे उत्तर असे की, देवाचा चांगुलपणा एवढा मोठा आहे की कोणत्याही एका निर्मितीत तो मावत नाही. एकीत जे उणे राहते, ते दुसरी पुरे करते. प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत, असेही संत थॉमस अन्यत्र म्हणतात. ते मी लपवणार नाही. पण हे दोन्ही विचार एकत्र वाचले तर असे निघते की उपयोग ही गोष्टीची पूर्ण ओळख नव्हे. चतुर आपल्याला डासांपासून वाचवतो हे खरे, आणि त्याच्यावाचून देवाच्या चांगुलपणाचा एक शब्द कमी होतो हेही खरे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच आजच्या भाषेत सांगितले: जीवजातींना केवळ साधनसंपत्ती समजणे पुरेसे नाही, त्यांना स्वतःचे मोल आहे.

आता एक सरळ आक्षेप. "मग डासालाही मोल आहे. त्याला मारू नये काय?"

माराच. मीही मारतो. डेंग्यूच्या दिवसांत तर न चुकता. मोल असणे म्हणजे हात न लावण्याची हमी नव्हे. मोल असणे म्हणजे एवढेच की, हात लावायचा तर कारण द्यावे लागते. दगड बाजूला करायला मला कारण द्यावे लागत नाही. जिवंत पाणी बुजवायला द्यावे लागते, आणि ते कारण त्या गोष्टीच्या तोलाचे असावे लागते. डास मारताना माझ्याकडे कारण असते, पाळण्यात झोपलेले मूल. ते कारण पुरेसे आहे.

येशूने हा तोल एकाच वाक्यात कसा सांभाळला आहे, ते लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात पाहा. पाच चिमण्यांचा बाजारभाव तो सांगतो, दोन नाणी. भाव त्याला माहीत आहे, तो नाकारत नाही. पण त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे तो लगेच सांगतो. आणि त्यापुढे, तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलाचे आहात, असेही म्हणतो. तीनही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत. फक्त भाव घेतला तर आपण व्यापारी होतो. फक्त चिमणी घेतली तर शेजारचा उपाशी माणूस दिसेनासा होतो. चर्चची शिकवण दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे: विनाकारण प्राण्यांचे हाल करणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांची दुःखे दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही.

म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न 'चतुर की माणूस' असा नाहीच. उद्या एखाद्या बेघर कुटुंबाच्या छपरासाठी तीच एक जागा उरली असती, तर मी वेगळे लिहिले असते, आणि जड मनाने का होईना, पुन्हा सही केली असती. पण आपल्यापुढे प्रश्न आहे तो गरज आणि सोय यांतल्या फरकाचा. रविवारी तीन मिस्सा, प्रत्येकी तासाभराच्या. गाड्या लागणार त्या आठवड्यातून तीन-चार तास. बाकीचे सगळे तास तिथे तापलेले पेव्हर ब्लॉक असतील.

यात एक गरज मात्र खरी आहे आणि तिला मी सोय म्हणणार नाही. आपल्यातील जी वृद्ध आणि आजारी माणसे चालू शकत नाहीत, त्यांना चर्चच्या दारापर्यंत गाडीने यावे लागते. मागच्या पावसात एक आजी रस्त्यावरून येताना घसरून पडल्या. त्यांच्यासाठी जागा हवीच. पण त्यासाठी चाळीस गाड्यांची जागा लागत नाही, आठ-दहा गाड्यांची लागते. तेवढी समोरच्या आवारात निघते का, तरुणांनी आपल्या गाड्या थोड्या दूर लावून चालत यायचे ठरवले तर निघते का, हे आपण अजून मोजलेलेच नाही. मोजण्याआधी बुजवायला निघालो आहोत. मागच्या वेळी मी नेमके हेच केले होते.

प्रस्तावाच्या बाजूचा एक मुद्दा मला मान्य करायलाच हवा. आज आपल्या बावखलात प्लॅस्टिक आहे, निर्माल्यासारखी टाकलेली सणाची फुले आहेत, काठ धोक्याचा आहे, लहान मूल पडू शकते. जे राखायचे म्हणतो, त्याने ते राखण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. कुंपण हवे, साफसफाई हवी आणि ती करणारी माणसे हवीत. बावखल तसेच घाण ठेवून मी त्याच्या मोलावर लेख लिहिले, तर तो ढोंगीपणा होईल. युवा गटातील काही जणांनी महिन्यातून एक शनिवार द्यायचे कबूल केले आहे. मीही त्यांच्यासोबत गुडघाभर चिखलात उतरणार आहे. ज्यांना धर्मगुरूला चिखलात पाहायचे आहे, त्यांनी जरूर यावे.

आता त्या काकांच्या प्रश्नाकडे परत येतो. चतुर बघून मिळते काय?

काका, खरे उत्तर असे की, काही मिळत नाही. आणि आठवड्यात एक तास असा असावा, की ज्यात आपण काही मिळवायला बसलेलो नसतो. मी दोरा धरून उभा होतो, तेव्हाही मी चतुराकडेच बघत होतो, पण मला दिसत होता तो माझा खेळ. सही केली, तेव्हा मला दिसत होते ते माझे काम. तुंगारेश्वरच्या ओढ्याकाठी हातात दोरा नव्हता आणि पेनही नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात मुले कंटाळली, मोबाइल काढू लागली. मग एका मुलीने एका गवताच्या काडीकडे बोट दाखवले. एक लाल चतुर त्याच काडीवर परत परत येऊन बसत होता. दुसरा आला की त्याला हाकलायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा. ती हळूच म्हणाली, "फादर, ही त्याची जागा आहे."

मी इतकी वर्षे तत्त्वज्ञान वाचले, पण याहून नेमके मला सांगता आले नसते. ती जागा माझी नव्हती, तिची नव्हती, वनखात्याच्या नकाशातला तो एक ठिपकाही नव्हता. आपण यायच्या आधीपासून ती कोणाची तरी होती. चतुरांचे प्राचीन नातलग, दोन फुटांहून अधिक रुंद पंखांचे, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या पृथ्वीवर उडत होते. त्यांना कोणाला बघायला माणूस नव्हता. आपल्या श्रद्धेप्रमाणे बघणारा एक होता, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे, माणूस निर्माण होण्याआधीच त्याने पाहिले आणि ते चांगले आहे असे म्हटले. त्याने उपयोग विचारला नव्हता.

मी कौन्सिलचा अध्यक्ष आहे, पण माझे मत एकच आहे आणि बहुमत झाले तर ते मी मानीन. माझी विनंती फक्त एवढीच आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, सभेच्या आधी अर्धा तास बावखलाच्या काठी या. ऊन आलेले असेल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवतो, वृद्धांसाठी सावलीत. कोणी भाषण करणार नाही, मीही नाही. नुसते बसून पाण्याकडे बघू. कोणाला काही दिसले, तर शेजाऱ्याला दाखवा.

मग आत जाऊ, आणि ज्याला जसे योग्य वाटेल तसे मत देऊ.

आपला,
प्रमुख धर्मगुरू